चर्च ऑफ इंग्लंडबद्दल व्हायरल होणाऱ्या बातम्यांतलं खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि त्यांचा आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीशी काही संबंध असतो का?

तुम्ही प्रश्नात चार नमुने दिलेत: ‘चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी विवाह मंजूर केले’, ‘अँग्लिकन चर्च फुटलं’, ‘इंग्लंडमधली चर्च ओस पडली’ आणि लगेच पाठोपाठ ‘तरुणांची चर्चकडे रीघ’. गंमत अशी की या चारही बातम्यांच्या मुळाशी काही ना काही खरोखर घडलेलं आहे. घोळ बहुधा एकाच जागी होतो. कोणी ठरवलं आणि ते कुठल्या टप्प्यापर्यंत आलंय, हे दोन तपशील गाळून मथळा तयार होतो. तेव्हा फॉरवर्ड आला की आधी हे दोनच शोधा.

सुरुवात नावापासून करा. चर्च ऑफ इंग्लंड हे इंग्लंडपुरतं चर्च आहे. कँटरबरी आणि यॉर्क हे त्याचे दोन प्रांत आणि त्यांत मिळून ४२ डायोसीस, म्हणजे एकेका बिशपच्या अखत्यारीतले विभाग. युरोपातल्या मंडळ्यांची डायोसीसही त्यातच येते. जगभरची अँग्लिकन कम्युनियन, म्हणजे याच परंपरेतल्या चर्चचं कुटुंब, ही वेगळी गोष्ट. तिच्यात चाळीसहून अधिक स्वतंत्र चर्च आहेत, प्रत्येकाची घटना वेगळी, सिनॉड (निर्णय घेणारी सभा) वेगळा. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे अँग्लिकनांचे पोप, ही आपल्याकडच्या वृत्तपत्रांची आवडती चूक. इंग्लंडबाहेरच्या चर्चला त्यांचा आदेश लागू होत नाही, आणि खुद्द इंग्लंडात चर्चचं सर्वोच्च घटनात्मक पद राजाकडे आहे.

आता समलिंगी विवाहांची बातमी घ्या. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने असे विवाह २०१५ मध्ये स्वीकारले, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने २०१७ मध्ये. वेल्सच्या चर्चने २०२१ मध्ये फक्त आशीर्वादाला परवानगी दिली. इंग्लंडात डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेच्या आत समलिंगी जोडप्यासाठी काही प्रार्थना म्हणता येतात. हा विवाह नव्हे. तिथल्या २०१३ च्या विवाह कायद्यातच चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकांना असे विवाह लावता येणार नाहीत अशी तरतूद आहे. जोडप्यासाठी वेगळी, स्वतंत्र आशीर्वाद-उपासना हवी असेल तर सिनॉडच्या तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमताची रीतसर मंजुरी लागेल, ही भूमिका बिशपांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतली. आणि चार देशांच्या चार वेगवेगळ्या निर्णयांचा मथळा मात्र एकच: ‘अँग्लिकन चर्चने मान्यता दिली’.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ‘अँग्लिकन’ हे नाव कोणीही लावू शकतं. २००९ मध्ये स्थापन झालेलं उत्तर अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च मोठं आहे, त्याचे बिशप यूट्यूबवर सतत दिसतात, पण ते कम्युनियनचं सदस्य नाही. भारतातही अशा नावाचे छोटे गट आहेत. कम्युनियनच्या संकेतस्थळावर सदस्य चर्चची यादी असते. व्हिडिओतल्या बिशपांचं चर्च तिथे सापडतं का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यात जास्त गोंधळ चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडच्या बातम्यांत होतो, त्यामुळे त्याची रचना जरा नीट समजून घेतलेली बरी. १९७० पासून चालत आलेल्या या सभेत तीन सभागृहं आहेत: बिशप, पाळकवर्ग आणि सामान्य सभासद. बैठका फेब्रुवारीत लंडनला आणि जुलैत यॉर्कला होतात, गरज पडली तर नोव्हेंबरमध्येही. महत्त्वाच्या विषयांवर सभागृहनिहाय मतं मोजली जातात, आणि इथेच बाहेरचा माणूस फसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्त्रियांना बिशप करण्याचा प्रस्ताव आला. एकूण मतं ३२४ विरुद्ध १२२, तरी तो पडला. प्रत्येक सभागृहात दोन-तृतीयांश हवे होते आणि सामान्य सभासदांत १३२ विरुद्ध ७४ पडली, म्हणजे सहा मतं कमी. पुढे जुलै २०१४ मध्ये तो मंजूर झाला. फेब्रुवारी २०१७ चं उदाहरण याहून मजेशीर आहे. विवाहाबद्दलच्या बिशपांच्या अहवालाची फक्त ‘नोंद घ्यायची’ होती. एकूण २४२ बाजूने, १८४ विरोधात. पण पाळकांच्या सभागृहात ९३ विरुद्ध १०० झालं आणि ठराव फेटाळला गेला. ‘चर्चने बहुमताने अमुक केलं’ असं वाचलं की कोणत्या सभागृहाचं बहुमत, हे बघा.

दुसरा प्रश्न ठरावाच्या जातीचा. ‘नोंद घेणे’ म्हणजे मान्यता नव्हे. एखाद्या सभासदाने किंवा डायोसीसने आणलेला ठराव मंजूर झाला तरी ते सिनॉडचं मत असतं, कायदा नव्हे. कायदा व्हायचा तर ‘मेझर’ नावाचं विधेयक लागतं. त्याचा प्रवास लांबलचक: पहिला विचार, दुरुस्ती समिती, सिनॉडमध्ये दुरुस्त्यांवर चर्चा, अंतिम मसुदा, अंतिम मंजुरी. तिथून ते संसदेच्या धर्मविषयक समितीकडे जातं, तिच्यात दोन्ही सभागृहांचे पंधरा-पंधरा सदस्य. मग दोन्ही सभागृहांची मान्यता, मग राजाची संमती. यातल्या पहिल्याच पायरीवर ‘इंग्लंडच्या चर्चने नियम बदलला’ असा व्हिडिओ येतो आणि नंतरच्या पायऱ्यांकडे कोणी फिरकत नाही.

पडताळायचं कसं? सिनॉडच्या प्रत्येक कागदाला ‘जीएस’ आणि पुढे आकडा असा क्रमांक असतो. ‘जीएस मिस्क’ असेल तर तो माहितीसाठी वाटलेला कागद, मतदानाचा नव्हे. व्हिडिओत कागदाचं छायाचित्र दाखवलं असेल तर तो क्रमांक चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर शोधा. अधिवेशनात काय झालं याची नोंद तिथे लवकरच येते. मूळ प्रस्ताव, मंजूर दुरुस्त्या आणि शेवटचा मजकूर असं सगळं त्यात असतं. नेहमी दुरुस्तीनंतरचा मजकूर वाचा, कारण मूळ प्रस्तावावरून ओरड होते आणि दुरुस्तीत त्यातली धारच गेलेली असते. इलेक्ट्रॉनिक मतदान असेल तर कोणी काय मत दिलं तेही नावानिशी मिळतं. भाषणांचा दहा सेकंदांचा तुकडा फिरत असेल तर पूर्ण चित्रण यूट्यूबवर असतंच. आधीची पाच मिनिटं ऐका. बरेचदा वक्ता विरोधकाचं म्हणणं सांगत असतो.

नेमणुकांतही टप्पेच नडतात. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनाम्याची घोषणा १२ नोव्हेंबर २०२४ ला केली, ख्रिस्ती शिबिरं चालवणाऱ्या जॉन स्माइथ याच्या अत्याचारांवरचा मेकिन अहवाल आल्यानंतर पाच दिवसांनी. पद सोडलं ते जानेवारी २०२५ मध्ये. वेल्बींवर ठपका होता तो २०१३ मध्ये तक्रार कळल्यावर पाठपुरावा न केल्याचा. कित्येक फॉरवर्डमध्ये मात्र अत्याचारच त्यांच्या नावावर टाकले गेले. त्यांच्या जागी सारा मुलाली यांचं नाव ३ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालं. त्याआधी १७ मतांच्या आयोगाने नाव सुचवलं होतं, त्यात पाच मतं इंग्लंडबाहेरच्या अँग्लिकनांची. नाव जाहीर झालं की कँटरबरीच्या कॅथीड्रलमधली पाळकसभा औपचारिक निवड करते, मग कायदेशीर पुष्टी होते आणि पद तिथेच मिळतं. जाहीर वेळापत्रकात पुष्टी २८ जानेवारी २०२६ ला आणि पदस्थापनेचा सोहळा २५ मार्चला होता. म्हणजे ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ‘आर्चबिशप मुलाली यांचा आदेश’ म्हणून जे फिरलं, त्याला त्या पदाचा आधारच नव्हता. आणखी एक: कँटरबरीच्या त्या पहिल्या स्त्री आर्चबिशप, पण अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री चर्चप्रमुख नाहीत, अमेरिकेत कॅथरीन जेफर्ट्स शोरी २००६ मध्येच एपिस्कोपल चर्चच्या प्रमुख झाल्या होत्या. स्त्री बिशपच्या बाबतीत तर आपणच इंग्लंडच्या पुढे. चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप केलं, इंग्लंडच्या लिबी लेन २०१५ मध्ये झाल्या.

पैशांच्या बातम्यांत ‘शिफारस’ आणि ‘निर्णय’ यांची अदलाबदल होते. गुलामांच्या व्यापाराशी जुन्या निधीचा संबंध आढळल्यावर चर्च कमिशनर्सनी (चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या संस्थेने) जानेवारी २०२३ मध्ये नऊ वर्षांत १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. मार्च २०२४ मध्ये सल्लागार गटाने म्हटलं की इतरांची भर घालून हा निधी १०० कोटींपर्यंत न्यावा. मथळे आले, ‘चर्च १०० कोटी देणार’. शिवाय हे पैसे कमिशनर्सच्या गुंतवणुकीतले. रविवारी थैलीत पडणारं दान पॅरिशकडे, म्हणजे स्थानिक मंडळीकडे, जातं आणि त्यातून पॅरिश डायोसीसला वाटा देते. हे दोन हिशेब वेगळे आहेत. कमिशनर्सनी असा खर्च करावा का, यावर टीका जरूर करता येते, पण ‘विधवेचं दान लुटलं’ ही टीका चुकीच्या खिशावर आहे.

ओस पडली की गर्दी झाली? इथे माप तपासायचं. ऑक्टोबरमध्ये चार आठवडे मोजणी करून उपस्थितीची साप्ताहिक सरासरी काढतात: २०१९ मध्ये ती ८ लाख ५४ हजार होती, २०२४ मध्ये सुमारे ७ लाख. ‘नियमित येणारी मंडळी’ हे सैल माप, ते १० लाखांच्या थोडं वर. आणि जागतिक बेरजेत इंग्लंडचे जे अडीच कोटी धरतात ते केवळ बाप्तिस्मा झालेले. करोनानंतर दरवर्षी थोडी वाढ झाली हे खरं, आणि २०१९ ची पातळी अजून गाठलेली नाही हेही खरं. ज्याला जे हवं ते तो उचलतो. तरुणांच्या रिघेची बातमी एप्रिल २०२५ च्या बायबल सोसायटीच्या अहवालावरून आली. त्यात १८ ते २४ वयोगटात महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे ४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेल्याचं म्हटलं होतं. ती पाहणी आपणहून नोंदणी केलेल्या ऑनलाइन सभासदांची होती. यादृच्छिक नमुन्यावर चालणाऱ्या ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स पाहणीत अशी उसळी दिसली नाही. माझा कौल यादृच्छिक नमुन्याला. पैशांसाठी भराभर प्रश्नावल्या भरणारे लोक तरुण गटाचे आकडे सहज बिघडवतात.

बिशप राजकारणावर बोलतात तेव्हा कोणाच्या वतीने, हेही बघा. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात २६ बिशप बसतात, पण त्यांना पक्षादेश नसतो. एका बिशपचं भाषण किंवा एक्सवरची पोस्ट म्हणजे चर्चचं धोरण नाही. जून २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रवांडात पाठवण्याच्या सरकारी धोरणाविरोधात लॉर्ड्समधल्या सगळ्या बिशपांनी एकत्र पत्र लिहिलं, ते मात्र वजनदार. असं एकमत दुर्मीळ असतं.

वाचायचं कुठे? १८६३ पासूनचं ‘चर्च टाइम्स’ साप्ताहिक अधिकृत मुखपत्र नाही आणि तोच त्याचा फायदा आहे. ‘थिंकिंग अँग्लिकन्स’ उदारमतवादी बाजूचं, ‘अँग्लिकन इंक’ पुराणमतवादी. एकच घटना दोन्हीकडे वाचा. दोघांनाही मान्य असलेला भाग बहुधा घडलेला असतो. छापील मजकुराने धर्माच्या गोष्टींत रान पेटवणं आपल्याला नवीन नाही म्हणा. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये गेलेल्या हिंदू पाहुण्यांपैकी कोणी चहा प्यायला, कोणी नुसता समोर ठेवून घेतला. ‘पुणे वैभव’मध्ये नावं छापून आली ती सगळी एकाच माळेत, आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. ते मिशन अँग्लिकनच होतं.

‘चर्च फुटलं’ याबद्दल: २००८ मध्ये जेरुसलेमला सुरू झालेल्या गॅफकॉन या पुराणमतवादी गटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीकेंद्रित रचना नाकारून स्वतःलाच ‘ग्लोबल अँग्लिकन कम्युनियन’ म्हणवून घेतलं. भेग खरी आणि खोल आहे. पण नेत्यांच्या निवेदनाने चर्च बाहेर पडत नाही. प्रत्येक चर्चला आपल्या सिनॉडमध्ये आपली घटना बदलावी लागते. नायजेरियाने आपल्या घटनेतला कँटरबरीचा उल्लेख २००५ मध्येच काढला. ‘अमुक देश बाहेर पडला’ असं कळलं की त्या देशाच्या सिनॉडचा ठराव शोधा.

आता तुमच्या मंडळीचं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं ते अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा परंपरा एकत्र येऊन. ते कम्युनियनचं सदस्य आहे, पण त्याचा सिनॉड स्वतःचा, प्रमुख मॉडरेटर. कँटरबरीत काहीही ठरलं तरी तुमच्या पाळकांच्या उपासनाविधीत किंवा विवाहाच्या नियमात आपोआप काही बदलत नाही. ‘लंडनहून आदेश आला, आता चर्चची जमीन विकणार’ असा निरोप आला तर तो लंडनऐवजी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तपासा. मालमत्ता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या ट्रस्टची असेल, तर परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दिसते. विश्वस्त बदलले असतील तर कलम २२ खालचा बदल अर्ज दाखल झालेला असतो. विक्रीला कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, बिगरशेती जमिनीच्या तीन वर्षांहून मोठ्या भाडेपट्ट्यालाही. उताऱ्यासाठी अर्ज करताना ट्रस्टचा नोंदणी क्रमांक लागतो. तो ठाऊक नसेल तर डायोसीसच्या कार्यालयात किंवा पॅरिशच्या जुन्या पावतीपुस्तकावर पाहा.