जैतापूरची जमीन पडीक कातळच होती, मग लोक अडून का बसले?

तुमच्या प्रश्नातला ‘पडीक’ हा शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या पट्ट्यातली ९३८ हेक्टर जमीन रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पात गेली, त्यात आमचा सडाही, म्हणजे कातळाचं माळरानही गेलं. सातबाऱ्यावर तो पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. त्याच पोटखराबात बाबांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, खालच्या मळ्यातली माती टोपल्यांनी वर नेली आणि हापूसची सतरा कलमं लावली. पहिली तीन वर्षं आई उन्हाळाभर पाणी घालायची, एका कलमाला एक कळशी. बुंध्याशी अंथरलेलं गवत गुरं ओढून न्यायची, ते परत नीट करायचं काम माझं. पंचनाम्यात कलमं आली नऊ. उरलेली आठ कुठे गेली, याचं उत्तर आजवर कुणी दिलं नाही.

मुंबईचे काका म्हणाले, “दगडाला पैसे मिळतायत, सही करून मोकळे व्हा.” कळशीला त्यांचा हात कधी लागला नव्हता. २०१३ मध्ये भाव हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला, तेव्हा तेच म्हणाले, “बघ, मी सांगत होतो.” अहो, लोक अडून बसले म्हणून तो वाढला! पहिल्याच नोटिशीला सगळ्यांनी सह्या केल्या असत्या तर कोण वाढवणार होतं?

शेजारच्या साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांचं दुखणं जमिनीचं नव्हतंच. १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या होणार होत्या. उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची उष्णता थंडाव्याच्या पाण्याबरोबर समुद्रात जाणार होती. मासळी किनाऱ्यापासून लांब गेली तर छोट्या होड्यांनी जायचं कुठे? त्यात फुकुशिमा नुकतंच घडलेलं. एप्रिल २०११ मध्ये आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात तिथलाच एक जण गेला.

माझा अणुविजेला सरसकट विरोध नाही, हेही सांगतो. तारापूर १९६९ पासून चालू आहे, आणि वीज आम्हालाही लागते.

तुमच्या गावातही आता जमीन घेणार आहेत म्हणता, तर पैसे घ्या की घेऊ नका, हे मी सांगणार नाही. मोजणी येण्याआधी पीक पाहणीत झाडन् झाड नोंदवून घ्या, फोटो काढून ठेवा. आणि सगळे हिस्सेदार एकदा सड्यावर नेऊन उभे करा, मुंबईवाले आधी. आमच्या काकांना बाबांनी तेव्हा नेलं नाही. मी म्हटलं होतं, पण मोठ्या भावाला कसं सांगायचं म्हणून ते गप्प राहिले.