टाइमझोनला घाबरू नकोस, आधी एवढंच कर

अरे, तुझ्या रिपोर्टमध्ये टाइमझोनमुळे घोळ झालाय ना, सगळेच इथे एकदा तरी आपटतात, त्यामुळे टेन्शन घेऊ नकोस. माझा पहिला घोळ सांगतो. सर्व्हर यूटीसीवर (जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होता आणि रोजचा रिपोर्ट मी सरळ तारखेवर ग्रुप केला, तर १ एप्रिलला रात्री २ वाजता आलेली ऑर्डर ३१ मार्चच्या २०:३० मध्ये जाऊन बसली, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! अकाउंटवाल्या मॅडमनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

सुरुवातीला एवढं पाळ:

- घडून गेलेली गोष्ट (लॉगिन, पेमेंट) यूटीसीत साठव, लोकल वेळ फक्त दाखवताना कर.
- हाताने साडेपाच तास मिळवत बसू नको. भारतात चालून जाईल, पण न्यूयॉर्कचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतं, तिथे फसशील. झोनचं पूर्ण नाव वापर, 'एशिया/कोलकाता' असं. नुसतं 'आयएसटी' नको, इस्राएलवालेही तेच लिहितात.
- पायथनमध्ये नुसतं डेटटाइम डॉट नाऊ लिहिलंस तर त्याला झोनच नसतो, झोनइन्फो हे मॉड्यूल वापर, पायथन ३.९ पासून आतच येतं.
- तारीख जानेवारी १९७० दिसली (मोजणी तिथूनच सुरू होते) की समज, मिलिसेकंद हवे होते तिथे सेकंद दिलेस. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद मोजते, पायथनचा टाइम सेकंद.

आणि हो, वाढदिवसाचा टाइमस्टॅम्प (तारीख-वेळेसकट नेमका क्षण) करू नको, ती साधी तारीख आहे, तशीच ठेव. पुढच्या मीटिंगा, लीप सेकंद वगैरे नंतर बघू, आधी तुझा तो रिपोर्ट नीट कर आणि अडलास तर कोड टाक इथे.