शाळेत मुलाचं दुखणं कोणी मनावर घेत नसेल तर आई-वडिलांनी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहादा तालुक्यातल्या एका ताईंचा मुलगा अनुदानित शाळेत सहावीला आहे. त्याला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, आजार असल्याचं लाल कार्डही मिळालेलं आहे. पाय दुखतात म्हटलं की "याचं रोजचंच आहे" असं उत्तर मिळतं, चालू तासाला लघवीला सोडत नाहीत, आणि मागच्या आठवड्यात अंगात ताप असताना त्याला शाळा सुटेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. ताई विचारतात, भांडू, तक्रार करू की शाळाच बदलू?

ताई, माझ्या मुलीलाही सिकलसेल आहे. ती आता नर्सिंगला शिकते. आम्ही धुळ्याकडचे. तिच्या शाळेची सगळी वर्षं यातून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तापाचं. बाकीच्या गोष्टी आठ-पंधरा दिवस थांबतील, ही थांबणार नाही. सिकलसेलच्या मुलांची पाणथरी (प्लीहा) लहानपणापासूनच निकामी होत जाते. जंतूंना अडवण्याचं मोठं काम तिचं असतं, त्यामुळे इतर मुलांना दोन दिवसांत सोडणारा ताप या मुलांच्या काही तासांत जिवावर बेतू शकतो. १०१ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. तापाची गोळी देऊन बघू, सकाळी नेऊ, असं करायचं नाही. तुमच्या सरांना हे कोणी सांगितलेलं नसणार. म्हणून उद्याच मुख्याध्यापकांना भेटा आणि त्या भेटीत एवढंच सांगा की अंग गरम लागलं की आम्हाला फोन करा, शाळा सुटायची वाट बघू नका. तीन नंबर द्या. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप दोघंही शेतात असतात, तिथे रेंज मिळेलच असं नाही. तिसरा नंबर शाळेजवळ राहणाऱ्या, गाडी असलेल्या ओळखीच्या माणसाचा असू द्या आणि त्याला कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते आधीच सांगून ठेवा. आमच्यासाठी शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी ही जबाबदारी घेतली होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता "रोजचंच आहे" या बोलण्याचं. मला त्याचा फार राग यायचा, अजूनही येतो. पण सरांना काय दिसतं तेही बघा. सकाळी पोरगा मैदानात पळतो, मधल्या सुट्टीत हसतो, आणि गणिताच्या तासाला पाय धरून बसतो. पायाला सूज नाही, जखम नाही. वर्गात पन्नास मुलं. त्यांना ते नाटक वाटतं. या आजारात लाल पेशी वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यापुढे रक्त पोचत नाही आणि तिथे हाडात असह्य कळ सुरू होते. मी बाईंना आपल्याकडचंच उदाहरण दिलं होतं: ठिबकच्या नळीत कचरा अडकला तर नळी वरून धड दिसते, झाड मात्र सुकतं. त्यांच्या घरची केळी होती, त्यांना ते लगेच पटलं.

तरी एक प्रसंग सांगते. डिसेंबरातली सकाळची शाळा होती. आपल्याकडे त्या दिवसांत थंडी किती कडक पडते ते तुम्हाला माहीतच आहे. शाळेचा स्वेटर पातळ, म्हणून मी तिला घरचा जाड, विटकरी रंगाचा स्वेटर घालून पाठवलं. प्रार्थनेला एका बाईंनी गणवेशाचा रंग नाही म्हणून तो काढायला लावला. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार, सगळं होईपर्यंत पोर गार फरशीवर बसून होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा बोटं वाकत नव्हती. "मन्हा पाय भलता दुखतस वं माय" म्हणत गोधडीचं टोक दातात धरून पडून राहिली. रात्री भरती करावं लागलं, सलाईन लावावं लागलं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि कळ सुरू होते, हे त्या बाईंना ठाऊक असतं तर त्यांनी स्वेटर काढायला लावला नसता, असं मी आजही मानते. त्या वाईट नव्हत्या.

शाळेला "मुलाला सिकलसेल आहे" एवढंच सांगून काही उपयोग होत नाही. ते नाव ऐकून सर मान डोलावतात, आणि मूल पाय धरून बसलं की नेमकं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे एका पानावर लिहून द्या. तुमच्या डॉक्टरांना ते पान दाखवा आणि शक्य झालं तर खाली त्यांची सही-शिक्का घ्या. आमचं पान साधारण असं होतं:

"माझ्या पाल्यास सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. डोळे कधी कधी पिवळसर दिसतात, ती साथीची कावीळ नव्हे. त्याला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी व लघवीस कधीही जाऊ द्यावे. थंडीत अंगावरचे गरम कपडे काढायला लावू नयेत. खेळाच्या तासाला थकला तर बसू द्यावे, उन्हात उभे करू नये. हातपाय दुखल्यास पाणी पाजावे, ऊबदार ठिकाणी झोपवावे, बर्फ लावू नये आणि घरी कळवावे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे, पोट अचानक फुगून चेहरा पांढरा पडणे, यातले काहीही दिसल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे व पुढील क्रमांकांवर फोन करावा."

बर्फाचं मुद्दाम लिहा. पाय दुखतो म्हटलं की पीटीचे सर आधी बर्फ नाहीतर थंडगार स्प्रे शोधतात, आणि आपल्या मुलांना तेच नको असतं.

लघवीचंही सरांना समजावून सांगा. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पाणी अंगात टिकत नाही. मुलाला सारखं पाणी प्यावं लागतं आणि सारखं जावंही लागतं. शाळेत सोडत नाहीत म्हटल्यावर मुलं काय करतात? पाणी पिणंच बंद करतात. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाटतं आणि कळा वाढतात. खानदेशातला मार्च-एप्रिल आठवा. माझी लेक भरलेली बाटली तशीच घरी आणायची, तेव्हा मला उलगडा झाला. तुमच्या मुलाची बाटली रोज उघडून बघा. शाळेत काय चाललंय ते त्याला विचारण्याआधीच तुम्हाला कळेल.

अजून दोन गोष्टी त्या पानात येत नाहीत, पण महत्त्वाच्या आहेत. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. सिकलसेलच्या मुलाला, विशेषतः ज्याला रक्त चढवलेलं आहे त्याला, ती द्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. त्यांना विचारा आणि ते जे म्हणतील ते शाळेला लेखी कळवा. दुसरी गोष्ट मुलाशी त्याच्या वडिलांनी किंवा मामांनी बोलायची. या आजारात मुलांच्या लिंगाला दुखरी ताठरता येऊन ती उतरतच नाही, असं होऊ शकतं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर कायमचं नुकसान होतं. मुलं लाजेने तासन् तास सांगत नाहीत. त्याला सांगून ठेवा की असं झालं तर सरांना फक्त "डॉक्टरकडे जायचंय, घरी फोन लावा" म्हणायचं, कारण सांगायची गरज नाही.

पत्राच्या दोन प्रती करा. एक मुख्याध्यापकांकडे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. तोंडी बोललेलं वर्गशिक्षक बदलले की विरून जातं. आवक रजिस्टरला चढलेला कागद शाळेला नाकारता येत नाही. सोबत लाल कार्डाची आणि शेवटच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना तेच पत्र पुन्हा द्या. वर्गशिक्षक रजेवर असतील तर काय, हेही विचारा, कारण गोंधळ नेमका त्याच दिवशी होतो.

शाळेत डॉक्टरांच्या शब्दाला वजन असतं, त्याचा फायदा घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करून तो दिवस माहीत करून घ्या, त्या दिवशी स्वतः शाळेत जा आणि पथकातल्या डॉक्टरांनाच सरांसमोर दोन शब्द बोलायला सांगा. आमच्याकडे माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते डॉक्टरांच्या चार वाक्यांनी झालं. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, नंदुरबार-धुळ्यात तपासण्या चालू असतात, त्यामुळे आरोग्य खात्याची माणसं या विषयावर बोलायला तयार असतात. हा आजार फक्त भिल्ल-पावरा मुलांनाच होतो असाही काही शिक्षकांचा समज असतो. तो इतर समाजांतही आढळतो.

एवढं करूनही शाळेने ऐकलं नाही तर तक्रार करा, आणि ती करताना अपराधी वाटून घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. आजारी मुलाला वर्गासमोर नाटकी म्हणणं हा मानसिक त्रासच आहे. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही, म्हणजे "दाखला घेऊन जा" या धमकीला घाबरू नका. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा, दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. ज्यांची मुलं आश्रमशाळेत आहेत त्यांनी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जावं. आपल्या भागात ती नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. मुलाला मारलं, कोंडलं, असं काही घडलं तर थेट १०९८ ला फोन करा.

तक्रारीत सरांच्या स्वभावाबद्दल काही लिहू नका. अमुक तारखेला ताप होता, अमुक वाजता मुलाने सांगितलं, घरी फोन आला नाही, दवाखान्यात इतका ताप निघाला, एवढंच लिहा आणि दवाखान्याचा कागद जोडा. गावात सगळ्यांना हीच भीती असते की मास्तर पोरावर राग काढतील. मलाही होती. पण ज्या पालकांचे कागद नीट लावलेले असतात त्यांच्या पोराला त्रास देताना कोणीही दहा वेळा विचार करतो.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेल आहे. टक्केवारी जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर ठरवतात. त्या कायद्याने शाळेवर मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. दहावी-बारावीला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणून प्रमाणपत्राचं काम तेव्हाच्या धावपळीवर ठेवू नका.

शाळा बदलण्याबद्दल माझं मत असं की इतक्यात नको. नव्या शाळेतही हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि मुलाचे मित्र तुटतील ते वेगळंच. आजारी मुलाला मित्रांचा फार आधार असतो. माझ्या लेकीचं दप्तर सात वर्षं तिची मैत्रीण उचलायची, कोणी न सांगता. पत्र दिल्यावर, वर तक्रार केल्यावरही त्याला ताप असताना बसवून ठेवलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका, काढून घ्या.

मुख्याध्यापक पत्र घ्यायलाच तयार नसतील तर वाद घालत बसू नका. तेच पत्र शाळेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मजकुरात काही अडलं तर इथेच लिहा, मी बघून सांगते.