मार्जिन म्हणजे समास, मग पॅडिंगला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की वेबपेजवर फोटोभोवती जागा सोडताना मार्जिन (चौकटीच्या बाहेरची) आणि पॅडिंग (फोटो आणि चौकट यांच्या मधली) असे दोन प्रकार असतात, मराठीत मात्र दोन्हीला 'मोकळी जागा' असंच लिहितात, तर वेगळे शब्द आहेत का.

मार्जिनला आहे की, समास! वहीत डावीकडे रेघ मारून सोडायचो तोच. व्याकरणातला समास किंवा दासबोधातले समास वेगळे, पण ते संदर्भाने लगेच कळतं. यावर एक आक्षेप घेतात की वहीचा समास कागदाच्या आत असतो आणि मार्जिन तर फोटोच्या बाहेर, मग जुळतं कुठे? मला तो पटत नाही, कारण समास आपण मजकुराच्या बाजूने बघतो, मजकूर सोडून कडेला जे कोरं राहतं ते, इथे मजकुराच्या जागी फोटो आहे एवढंच.

पॅडिंगचं खरं अवघड आहे. 'भराव' मला अजिबात आवडत नाही, भराव म्हटलं की मुरूम टाकून बुजवलेला खड्डा डोळ्यापुढे येतो, आणि इथे तर जागा रिकामी ठेवायचीय. 'अस्तर' कापडाला लागून असतं. त्यापेक्षा फोटो फ्रेम करणाऱ्याकडे बघा, फोटो आणि चौकट यांच्या मधे जो पुठ्ठा दिसतो त्याला ते माउंट म्हणतात, तेच पॅडिंग. चौकट म्हणजे बॉर्डर, आणि भिंतीवर शेजारच्या फ्रेमपर्यंतचं अंतर म्हणजे समास. बॅकग्राउंडला रंग दिला की माउंट रंगतो, भिंत नाही, सीएसएसमधे, म्हणजे वेबपेजचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, हुबेहूब तसंच होतं. समजावताना मी माउंट सांगते, लिहिताना सरळ पॅडिंग लिहिते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, एचटीएमएलमधे, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्यात, फोटोला एचस्पेस (आडवी जागा) आणि व्हीस्पेस (उभी जागा) द्यायचे, पण एचस्पेस १० म्हटलं की डावीउजवीकडे दोन्ही बाजूंना १० पिक्सेल, एकाच बाजूला सोडायची सोयच नाही. १९९७ च्या एचटीएमएल ४ ने ते वापरू नका म्हटलं आणि चारी बाजूंचा समास सीएसएसमधून वेगवेगळा द्यायची पद्धत रुळली.

अजून एक शब्द मात्र हवाच. समास शून्य, पॅडिंग शून्य, तरी फोटोखाली बारीक जागा उरते ना? ती 'फट'. फोटो ओळीतल्या अक्षरासारखा बसतो, आणि ओळीखाली 'कु', 'पू' यांचे उकार लोंबायला जागा राखलेली असते, तीच दिसते. फोटोला सीएसएसमधे डिस्प्ले ब्लॉक दिलं, म्हणजे अक्षरासारखं नाही तर स्वतंत्र ठोकळ्यासारखं बसायला सांगितलं, की फट जाते.