वेस्टर्न (जुन्या अमेरिकेतल्या बंदूकबाजांच्या) चित्रपटाच्या निर्मितीवरचा चांगला माहितीपट कोणता? मूळ चित्रपट आधी पाहायला हवा का?

एकच नाव सांगायचं तर 'सॅड हिल अनअर्थ्ड'. गिल्येर्मो दे ऑलिव्हेरा या स्पॅनिश दिग्दर्शकाचा, 2017 सालचा. आणि हो, मूळ चित्रपट आधी पाहाच. कोणती प्रत पाहायची ते शेवटी लिहितो.

मूळ चित्रपट म्हणजे सर्जिओ लिओनीचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (1966). कथा अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली, दिग्दर्शक इटालियन आणि चित्रीकरण बरंचसं स्पेनमधलं. शेवटी तिघे बंदूकबाज एकमेकांसमोर उभे राहतात ते सॅड हिल नावाच्या कब्रस्तानात. हे कब्रस्तान उत्तर स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस या गावाजवळच्या खोऱ्यात मुद्दाम उभारलं होतं. आराखडा कला दिग्दर्शक कार्लो सिमीचा. मधोमध फरसबंदी केलेलं मोठं वर्तुळ आणि त्याभोवती गोलाकार रांगांमध्ये पाच हजारांच्या आसपास थडगी. खाली कोणीही पुरलेलं नाही, नुसते मातीचे उंचवटे आणि लाकडी क्रूस. ही अंगमेहनत स्पॅनिश सैनिकांनी केली. तेव्हा तिथे फ्रँकोची हुकूमशाही होती आणि परदेशी निर्मात्यांना चित्रीकरणासाठी लष्कराची माणसं मिळत असत.

चित्रीकरण आटोपलं, युनिट परत गेलं आणि त्या जागेवर गवत माजलं.

जवळपास पन्नास वर्षांनी, 2015 मध्ये, त्या भागातल्या काही चाहत्यांनी कुदळ-फावडी घेऊन तिथे खणायला सुरुवात केली. मातीच्या थराखाली वर्तुळाची फरसबंदी अजून शाबूत होती. मग सुट्टीच्या दिवशी लांबलांबून लोक येऊ लागले. आपल्याकडे रविवारी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ उपसणारी, बुजलेल्या पायऱ्या मोकळ्या करणारी मंडळी असतात, अगदी तोच प्रकार. फक्त इथला इतिहास खोटा! खर्चासाठी त्यांनी युक्तीही झकास काढली: 15 युरो द्या आणि एका थडग्यावर स्वतःचं नाव घाला. जिवंतपणी स्वतःचं थडगं विकत घेणारे इतके लोक निघतील असं मला वाटलं नव्हतं.

हा माहितीपट सुचवण्याचं कारण हे खोदकामच आहे. एरवी निर्मितीवरच्या माहितीपटांत मंडळी खुर्चीत बसून एकमेकांचं कौतुक करतात आणि अर्ध्या तासात कंटाळा येतो. इथे मुलाखती भरपूर आहेत. चित्रपटाचा नायक क्लिंट ईस्टवुड आहे, संगीतकार एन्यो मॉरिकोने आहे, लिओनीचे चरित्रकार ख्रिस्तोफर फ्रेलिंग आहेत. पण समोर माती उकरली जात असते, त्यामुळे प्रत्येक किस्सा कुठल्यातरी जागेला चिकटलेला राहतो.

सगळ्यात भारी किस्सा पुलाचा. चित्रपटात दोन सैन्यं एका पुलासाठी लढतात आणि तो पूल सुरुंग लावून उडवला जातो. तो खराच पूल होता, त्याच परिसरातल्या आर्लान्सा नदीवर लष्करानेच बांधलेला. कळ दाबायचा मान एका स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याला दिला होता. इशाऱ्यात घोटाळा झाला, कॅमेरे सुरू होण्याआधीच त्याने कळ दाबली आणि अख्खा पूल उडाला. चित्रित काहीच झालं नाही. लिओनीचा पारा किती चढला असेल याची कल्पना करा. शेवटी लष्कराने पूल पुन्हा बांधून दिला आणि तो पुन्हा उडवला. आपण पडद्यावर पाहतो तो हा दुसरा स्फोट.

'मेटालिका' या बँडचा जेम्स हेटफिल्डही यात आहे. आधी वाटलं, नाव मोठं म्हणून बसवलाय. पण कब्रस्तानात त्या तिघांपैकी एकाचं काम करणारा एलाय वॉलक वेड्यासारखा धावत सुटतो तेव्हा वाजणारं मॉरिकोनेचं संगीत हा बँड 1980च्या दशकापासून आपल्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला लावत आला आहे, त्यामुळे त्याचं बोलणं उपरं वाटत नाही. शेवटचा भाग मात्र मला जरा लांबलेला वाटला. 2016 मध्ये चित्रपटाच्या पन्नाशीनिमित्त तिथेच, त्या थडग्यांमध्ये, चित्रपट दाखवला गेला. तो सोहळा आणि डोळे पुसणारे चाहते थोडे कमी चालले असते.

मला बघताना सारखा 'शोले' आठवत होता. त्याच्यावरही याच इटालियन वेस्टर्नची छाप. कला दिग्दर्शक राम येडेकर यांनी कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या टेकड्यांच्या पायथ्याशी अख्खं रामगढ उभं केलं होतं. तिथे लोक आजही गब्बरचे खडक बघायला जातात, गाव मात्र उरलेलं नाही. त्याच्यावर असा माहितीपट कोणीतरी करायला हवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मूळ चित्रपट न पाहता हा लावलात तर ही माणसं एका माळरानावर एवढा घाम का गाळतायत हे कळणार नाही, शिवाय खजिना कोणत्या थडग्याशी आहे हेही फुटेल. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे आणि त्याच्या कमी-जास्त लांबीच्या प्रती मिळतात. शक्यतो अमेरिकेत प्रदर्शित झालेली जुनी, थोडी आखूड प्रत बघा. 2003च्या लांब प्रतीत जे प्रसंग परत जोडले, त्यांचं इंग्रजी डबिंग ईस्टवुड आणि वॉलक यांनी म्हातारपणी केलंय. वॉलक तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. मधेच पडद्यावरच्या तरुण माणसाच्या तोंडून आजोबांचा आवाज येतो तो त्यामुळे.