टीएनएसनेम्समधून होस्ट-पोर्ट काढायचेत? आधी कंस मोजा

तुम्ही विचारलंय की ओरॅकल डेटाबेसच्या टीएनएसनेम्स डॉट ओरा फाइलमध्ये (कुठला डेटाबेस कुठे आहे याचे पत्ते तिच्यात असतात) एकेक नोंद सात-आठ ओळींत पसरलीय, प्रत्येक एलियसचा, म्हणजे नोंदीच्या नावाचा, होस्ट (सर्व्हर) आणि पोर्ट हवाय, तर मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडला ‘पुढच्या पाच ओळी’ मागून भागेल का. नाही भागणार. मी भोगलंय.

एका बँकेचं काम होतं. कुठल्या होस्टला कुठल्या पोर्टवर वाट उघडायची, याची यादी फायरवॉलवाल्यांना द्यायची होती. फाइलमध्ये शंभरावर नोंदी, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी सगळं एका ओळीत कोंबलेलं, कुणी दर कंसाला नवी ओळ घेतलेली, कुणी जुना पत्ता हॅश (#) लावून, म्हणजे बाद करून, तसाच मधे ठेवलेला. मी कंस मोजणारी स्क्रिप्ट लिहायला बसलो, तर आमचे सीनियर मागून म्हणाले, “पीएचडी करतोयस का? ग्रेप मार, पाच ओळी घे, मोकळा हो.” मारला. यादी दिसायला झकास.

दोन आठवड्यांनी ड्रिल, म्हणजे मुख्य सर्व्हर पडला तर काय याची तालीम. मुख्य सर्व्हर बंद केला आणि स्टँडबायला, म्हणजे राखीव सर्व्हरला, जोडताना एरर: ओआरए-१२१७०, कनेक्ट टाइमआउट. नोंदीत ॲड्रेस दोन होते आणि दुसऱ्याचा होस्ट सातव्या ओळीत. ग्रेप तिथवर गेलाच नव्हता, म्हणून यादीत नाही, म्हणून फायरवॉलमध्ये नाही. पहाटे साडेतीनला फायरवॉलवाल्याला उठवून शिव्या खाल्ल्या मी, आणि मेलमध्ये ‘यादी अपूर्ण’ आलं तेही माझ्याच नावावर. सीनियर सीसीत होते. गप्प.

तर, आधी हॅशपासून पुढचं उडवा. ऑक या मजकूर हाताळायच्या भाषेतलं जीसब हे शोधून बदलणारं फंक्शन किती बदल केले तो आकडा परत देतं, त्यामुळे उघडता कंस त्याच कंसाने बदलायला लावला की मोजणी फुकटात होते. बंद कंसाचंही तसंच. ओळी जोडत जा, दोन्ही आकडे जुळले की नोंद संपली. शून्याला शून्य जुळलं म्हणून मात्र थांबू नका, एलियसच्या ओळीत बऱ्याचदा कंसच नसतो. मग त्या जोडओळीतून होस्ट-पोर्टच्या सगळ्या जोड्या काढा. पहिली सापडली की बाहेर पडायचं नाही. ‘रिकाम्या ओळीवर तोडा’ असं कुणीतरी सुचवेलच. रिकाम्या ओळी नेमाने सोडणारी माणसं तुमच्याकडे असतील तर तोडा.

हां, राहिलंच. एका नोंदीला स्वल्पविरामाने दोन-तीन एलियस असू शकतात. आयफाइल अशी ओळ लिहून दुसरी फाइल आत ओढली असेल तर माझी स्क्रिप्टही तिथे पोचत नाही. आणि एक-दोनच एलियस हवे असतील तर एवढा खटाटोप नको, ओरॅकलचाच टीएनएसपिंग मारा, तो सापडलेली नोंद सलग छापून दाखवतो.

आणि सर, हे वाचत असाल तर, ती स्क्रिप्ट अडतीस ओळींत झाली.