डेटाबेसमधलं पहिलं टेबल बनवताना प्रायमरी की कोणती घ्यावी?

टेबल बनवायच्या आधीच हा प्रश्न विचारलात, हे फार चांगलं केलंत. प्रायमरी की म्हणजे टेबलातल्या प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. ती मागाहून बदलायची म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेली प्रत्येक फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून तिच्याकडे बोट दाखवणारा कॉलम) सुद्धा बदलावी लागते.

सुरुवातीला डोळे झाकून बिगइंट (मोठ्या पूर्णांकाचा टाइप) घ्या, आपोआप वाढणारा. साधा इंट ४ बाइटांचा, २१४ कोटींच्या पुढे संपतो. बिगइंट ८ बाइटांचा. चार बाइट वाचवण्यासाठी पुढे चालू सिस्टीममध्ये कॉलमचा टाइप बदलत बसू नका.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती ठिकाणं:

- मोबाइल नंबरलाच प्रायमरी की करणं. ग्राहकाने नंबर बदलला की त्याच्या सगळ्या ऑर्डरींमध्ये तो बदलावा लागतो. शिवाय नवरा-बायको दोघंही एकच नंबर देतात, मग दुसऱ्याची नोंदच होत नाही! नंबर साध्या कॉलममध्ये ठेवा.
- यूयूआयडी (कुठेही तयार केला तरी सहसा दुसऱ्याशी न जुळणारा लांब आयडी) व्हारकारमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइपमध्ये, साठवणं. १६ बाइटांत मावणारी गोष्ट ३६ अक्षरं खाते. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनमध्ये तर प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (इतर कॉलमांवरच्या शोधसूचीत) प्रायमरी कीची प्रत जाते, म्हणजे तेही सगळे फुगतात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये यूयूआयडीचा स्वतंत्र टाइप आहे, तो वापरा.
- आकड्यांत खंड पडला म्हणून घाबरणं. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे व्यवहार मागे फिरवला गेला, की तो आकडा वाया जातो, जाऊ द्या. बिलाचा सलग क्रमांक हवा असेल तर त्याला वेगळा कॉलम.

नेट नसताना मोबाइल ॲपलाच आयडी तयार करायचा असेल, तर मात्र यूयूआयडी योग्य. तेव्हा आवृत्ती ७ घ्या, ती वेळेच्या क्रमाने वाढते. शार्डिंगचं (डेटा अनेक सर्व्हरांवर वाटण्याचं) सध्या डोक्यात आणूच नका.